पुढे कोणी बसू नये

मानवी प्रगतीचा सगळा इतिहास म्हणजे पुढे कोणाला बसवायचं, या एका प्रश्नाचा इतिहास आहे. बैलगाडीत बैल पुढे असत आणि माणूस मागे. टांग्यात घोडा पुढे, माणूस मागे. आगगाडी आली तेव्हा पुढे इंजिन लागलं. जुन्या ट्रकलासुद्धा चांगलं दोन-तीन हात लांब नाक असायचं. त्या नाकात इंजिन, आणि इंजिनाच्या मागे ड्रायव्हर. म्हणजे रस्त्यावर जे काही बरंवाईट व्हायचं ते आधी बैलाला, घोड्याला किंवा लोखंडाला व्हायचं. पुढे विज्ञान वाढलं. नाक उगाच जागा खातं आणि त्या जागेत माल भरता येत नाही, हे लक्षात आलं. तेव्हा नाक कापण्यात आलं, इंजिन ड्रायव्हरच्या आसनाखाली सरकवण्यात आलं, आणि सगळ्यांच्या पुढे माणूस बसवण्यात आला. इंजिन महाग असतं आणि बैल हल्ली मिळत नाहीत, त्यामुळे हे ओघानेच आलं.

जबलपूरच्या आमच्या रेवाकाठ रोडलाइन्सकडे आता सगळ्या गाड्या अशाच चपट्या तोंडाच्या आहेत. नव्या ट्रकांच्या केबिनमध्ये एसी सक्तीचा होणार अशी कुणकुण लागताच आमचे मालक श्रीकांतजी यांनी घाईघाईने त्याआधीच्या गाड्या घेऊन टाकल्या. याला दूरदृष्टी म्हणतात. या गाड्यांचे फायदे पुष्कळ. गाडी आखूड, त्यामुळे वळते चांगली. माल जास्त मावतो. इंजिन खालीच असल्याने थंडीत केबिन उबदार राहते (उन्हाळ्यातही राहते). पुढचं चाक थेट आसनाखाली येत असल्याने रस्त्यातला खड्डा मणक्याला विनाविलंब कळतो, मध्ये कोणी दलाल नाही. आणि ड्रायव्हरला समोरचं सगळं स्वच्छ दिसतं. आमच्या पाहणीत शंभरातल्या शंभर ड्रायव्हरांनी समोरचं दिसतं असं सांगितलं. त्यांपैकी बऱ्याच जणांनी, जरा जास्तच दिसतं, असंही म्हटलं; पण तसा पर्याय पाहणीत दिलेला नसल्याने ती मतं धरता आली नाहीत.

प्रस्तुत लेखक या कंपनीच्या सुरक्षा समितीचा सचिव आहे. खमरियाच्या दारूगोळ्याच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर घरात बसून बायकोला सूचना देण्यापेक्षा बाहेर कुठेतरी जाऊन द्याव्यात, असा सल्ला खुद्द बायकोनेच दिला. कंपनीत मला सगळे बापू म्हणतात. माझं काम बैठकांचं इतिवृत्त लिहिण्याचं. बैठकीत लोक जे बोलतात ते जसंच्या तसं लिहिलं तर कोणतीही संस्था आठवडाभर टिकणार नाही. तेव्हा मी ते समजून लिहितो. समजून लिहिण्यासाठी भाषेत कंस दिलेले आहेत.

दोन वर्षांपूर्वी श्रीकांतजींनी पुण्याहून आलोक नावाच्या एका हुशार तरुणाला आणलं आणि 'सुरक्षा व चालक-अनुभव प्रमुख' असं पद दिलं. आलोक मनाने चांगला मुलगा. ट्रकमध्ये तो कधी बसला नव्हता, पण स्वतःच्या मोटारीला सहा एअरबॅग असल्यामुळे सुरक्षेचा त्याचा अभ्यास दांडगा होता. आल्या आल्या त्याने एक तत्त्व मांडलं. ते असं: पुढे लांब नाक असलं की ड्रायव्हरला वाटतं, काही झालं तर आधी नाक जाईल, म्हणून तो बेफिकीर होतो. नाक नसलं की काही झालं तर आधी स्वतःचे गुडघे जाणार, हे त्याला ठाऊक असतं. म्हणून तो सांभाळून चालवतो. सबब चपटी गाडीच अधिक सुरक्षित. याला त्याने 'गुडघा-जागरूकता तत्त्व' असं नाव दिलं आणि पडद्यावर आलेख दाखवला. आलेखात गुडघा जसजसा पुढे जात होता तसतशी सुरक्षितता वर चढत होती.

श्रीकांतजी खूष झाले. त्यांनी शंका काढली, ती अगदी तर्काला धरून होती. "असं असेल तर सीट आणखी थोडी पुढे घेता येईल का?" आलोक म्हणाला की सीटच्या पुढे आता फक्त काच आहे. त्यावर काच कितपत आवश्यक आहे याचा अभ्यास करावा, असं ठरलं.

मग हे तत्त्व ड्रायव्हरांना समजावून सांगण्यासाठी महाराजपूरजवळच्या आमच्या यार्डात सभा झाली. समोसे होते. ड्रायव्हर लोक समोसे संपेपर्यंत शांतपणे ऐकत होते. मग शालिग्राम उठला.

शालिग्राम आमचा जुना माणूस. घराणं मूळचं अमरावतीकडचं, पण त्याचा जन्म जबलपूरचाच. घर महाराजपूरला, यार्डापासून चालत जाता येईल असं. घरी बायको इंदू आणि नर्सिंगला शिकणारी मुलगी प्रणोती. नाकाच्या गाडीवर त्याची बरीच वर्षं गेली होती. चपट्या गाडीवर त्याला कंपनीनेच आणलं होतं. आवाज कधी चढायचा नाही.

"साहेब, तुमचं बरोबर आहे जी," तो म्हणाला. "गुडघे पुढे असले की माणूस सांभाळून चालवते. पण समोर जो येऊन राहिला, त्याचे गुडघे कुठे पुढे आहेत? तो काहून सांभाळेल?"

सगळे हसले. श्रीकांतजीही हसले. मी इतिवृत्तात लिहिलं: 'चालकांनी सादरीकरणाचा आनंद घेतला.'

आलोक मात्र हसला नाही. सभा संपल्यावर तो शालिग्रामजवळ गेला आणि म्हणाला, "शालिग्रामजी, मला याचं उत्तर सुचलं नाही."

"उत्तर कशाला लागते जी? एकदा बसून पहा नं. नागपूरची फेरी आहे माझी. खिडकीची सीट देतो तुम्हाला."

श्रीकांतजींना कल्पना पसंत पडली. सुरक्षा प्रमुख स्वतः ट्रकमध्ये बसला, याचा एक व्हिडिओ निघेल आणि तो ग्राहकांना पाठवता येईल, असं ते म्हणाले. कंपनीच्या इतिहासात अधिकारी ट्रकमध्ये बसण्याची ही पहिलीच वेळ होती.

निघण्याच्या दिवशी सकाळीच आलोकला पहिला अनुभव आला. या गाड्यांचं इंजिन केबिनखाली असल्याने ते तपासायचं तर अख्खी केबिन पुढे झुकवावी लागते, नमस्कार केल्यासारखी. मेकॅनिकने आवाज दिला, "अंदर कुछ है तो निकाल लो." आलोकला वाटलं, हे माणसांबद्दल आहे. केबिन झुकली आणि आतलं पाणी, चादर, डब्बा, देवाची तसबीर आणि आलोकचा लॅपटॉप, सगळं घरंगळत समोरच्या काचेवर येऊन पडलं. तसबीर शाबूत राहिली. लॅपटॉप उघडला तर पडद्यावर बारीक भेग होती, नेमकी आलेखाच्या चढत्या रेषेवरून गेलेली. शालिग्रामने तसबीर पुसून जागेवर लावली आणि म्हणाला, "चलो साहेब, इथेच झालं ते बरं झालं."

पहिला तासभर आलोकची अवस्था पाहण्यासारखी होती, असं शालिग्रामने नंतर सांगितलं. उंचावर बसल्यावर समोर काच, काचेपुढे काहीच नाही, थेट रस्ता. पुढची गाडी थांबली की वाटायचं, आपण तिच्या मांडीवर जाऊन बसणार. दर वेळी आलोक दोन्ही पाय जमिनीवर दाबायचा. त्याच्या पायाखाली फक्त रबरी चटई होती, पण ती त्याने जिवाच्या आकांताने दाबली.

"ब्रेक इकडे आहे जी," शालिग्राम म्हणाला. "पण तुम्हीही दाबा. काही हरकत नाही."

बरगी मागे पडली. धूमा आलं. तिथे चहा झाला. आलोकने विचारलं, "तुम्हाला भीती वाटत नाही?"

"वाटते नं. भीती वाटते म्हणून ब्रेक लवकर लागते. ते तुमचं पडद्यावरचं बरोबर होतं." शालिग्रामने चहा बशीत ओतला. "जुन्या गाडीत पुढे एवढं मोठं लोखंड असायचं. मरण आलं तर आधी त्याच्याशी बोलायचं. आता डायरेक्ट आपल्याशीच बोलते. बस, एवढाच फरक."

"मग कंपनीला सांगत का नाही तुम्ही?"

"सांगितलं होतं नं, तुमच्या सभेत. लोक हसले."

लखनादौन सोडेपर्यंत आलोकची भीड चेपली. माणसाचं असंच असतं. तासाभरात काही झालं नाही की त्याला वाटतं, काही होतच नाही. त्याने पाय सैल सोडले, इंजिनच्या झाकणावर चादर घडी करून ठेवली होती तिच्यावर कोपर टेकलं, आणि व्हिडिओची तयारी सुरू केली. दोघंही चित्रात यावेत म्हणून तो खिडकीला पाठ लावून शालिग्रामकडे तोंड करून बसला आणि फोन हात लांब करून धरला. म्हणजे रस्ता त्याच्या डाव्या कानाकडे राहिला.

छपाऱ्याच्या अलीकडे त्यांच्या पुढे एक ट्रॅक्टर-ट्रॉली होती. ट्रॉलीत बांधकामाच्या सळया, आणि त्या ट्रॉलीच्या मागे चांगल्या सहा-आठ फूट बाहेर आलेल्या. टोकांना लाल चिंधी बांधलेली. (लाल चिंधी बांधली की सळई मऊ होते, अशी आपल्याकडे श्रद्धा आहे.) शालिग्रामने तिच्यामागे मोठं अंतर ठेवलं होतं. पण हमरस्त्यावर अंतर ठेवणं म्हणजे दुसऱ्यासाठी जागा धरून ठेवणं. एक मोटार मध्ये शिरली. ती गेल्यावर त्याने पुन्हा अंतर वाढवलं. मग एक बस शिरली. ती गेल्यावर पुन्हा वाढवलं. मग दोन मोटारसायकली. त्या निघाल्या आणि समोर एकदम ट्रॉलीच आली. तिने करकचून ब्रेक मारला होता.

शालिग्रामने ब्रेक दाबला. भरलेली गाडी एका श्वासात थांबत नाही. ती घसरत पुढे गेली. उजवीकडे दुभाजकापर्यंतची लेन मोकळी होती. कोणताही ड्रायव्हर अशा वेळी उजवीकडेच घेतो, कारण तो स्वतः उजवीकडे बसलेला असतो. गाडी उजवीकडे गेली की समोरची वस्तू डावीकडे येते आणि आपण वाचतो. हे शिकवावं लागत नाही, हातालाच ठाऊक असतं. शालिग्रामने गाडी डावीकडे घेतली.

आलोकच्या व्हिडिओत या क्षणाचा आवाज आहे. तो म्हणतोय, "इथे बसल्यावर अत्यंत सुरक्षित" आणि पुढे काच फुटते.

सळया ड्रायव्हरच्या बाजूने आत आल्या. शालिग्राम वाकला होता. एक सळई त्याच्या उजव्या खांद्याचं मांस घेऊन सीटच्या पाठीत शिरली. बाकीच्या डोक्यावरून गेल्या. खाली ट्रॉलीची मागची कड पत्र्यात घुसली आणि त्याचा उजवा पाय स्टिअरिंगच्या खाली दाबला गेला. आलोकच्या केसांत काचेचा चुरा होता. बाकी त्याला ओरखडाही नव्हता.

मग शालिग्राम म्हणाला, "साहेब, चावी फिरवा. इंजिन चालू आहे."

आलोकला चावी सापडेना. ती समोर होती. शालिग्रामने डाव्या हाताने त्याचा हात धरला आणि चावीवर नेऊन ठेवला.

आसपासच्या लोकांनी पहार आणून पत्रा उचकटला आणि पाय मोकळा केला. सिवनीला मलमपट्टी झाली, मग जबलपूरला मोठ्या दवाखान्यात हलवलं. गाडीतला माल तपासण्यात आला. एकाही खोक्याला इजा नव्हती. चपट्या तोंडाच्या गाडीत मालाची सुरक्षितता किती उच्च दर्जाची असते हे त्यावरून सिद्ध झालं, आणि तशी नोंद मी केली.

अपघात म्हटला की चौकशी आली. चौकशीत समितीपुढे एकच गंभीर मुद्दा होता: चालकाने गाडी डावीकडे का घेतली? नियमाप्रमाणे त्याने आपल्या लेनमध्ये सरळ ब्रेक मारायला हवा होता. कारण समजल्याशिवाय दोष ठरत नाही, आणि दोष ठरल्याशिवाय दवाखान्याचं कोणी बघायचं आणि शालिग्रामची नोकरी ठेवायची की नाही, हे ठरत नाही. तेव्हा जबाब घ्यायला मी गेलो. बरोबर आलोक आला. तो त्या आठवड्यात रोजच जात होता, त्यामुळे त्याला खाटेचा नंबर विचारावा लागला नाही.

शालिग्राम उशाला टेकून बसला होता. पायाला सळया बसवल्या होत्या, या वेळी डॉक्टरांनी. इंदूवहिनी स्टुलावर बसून संत्र सोलत होत्या. प्रणोती औषधांच्या पट्ट्या वाचत होती.

मी विचारलं, "शालिग्राम, गाडी डावीकडे काहून घेतली?"

"झालं जी तसं. हात तिकडे गेला."

"हात आपोआप उजवीकडे जातो. तूच नव्या मुलांना शिकवतोस."

"नाही गेला त्या दिवशी," तो म्हणाला आणि खिडकीबाहेर बघू लागला.

"बाबा, खरं सांगून द्या नं," प्रणोती म्हणाली. तिचं मराठी घरातलं, अर्ध्या वाटेवर हिंदीत उतरणारं. "मुझे तो बताया था. यांना काहून नाही सांगत?"

"प्रणो, चूप."

"क्यूँ चूप? बापूजी, गाडी उजवीकडे घेतली असती तर वो सारे सळई यांच्या साइडला आले असते." तिने हातातल्या गोळ्यांच्या पट्टीने आलोककडे दाखवलं. तिच्या आवाजात राग नव्हता. हिशेब समजावून सांगावा तसं सांगितलं.

आलोकने खाटेची लोखंडी कड धरली.

शालिग्रामला संकोच वाटला असावा. तो त्यालाच समजावू लागला. "तसं नाही साहेब. तुम्ही फोनमध्ये बघून राहिले होते. तुम्हाला माहीतच नव्हतं काय येऊन राहिलं ते. वाकायचं तरी कसं तुम्ही? मला तर दिसत होतं. मला वाकता येत होतं." मग तो म्हणाला, "पायाचं लक्षात नाही आलं. पायाला वाकता येत नाही नं."

इंदूवहिनींनी संत्र्याच्या फोडी बशीत काढल्या आणि बशी आलोकपुढे धरली. "घ्या," त्या म्हणाल्या. "रोज येऊन राहिले तुम्ही, पाणीही नाही घेत." आलोकने एक फोड घेतली. ती त्याने खाल्ली नाही; मी निघालो तेव्हाही ती त्याच्या हातात होती.

मी जबाब लिहिला: 'चालकाने वाहन हेतुपुरस्सर डावीकडे नेल्याचे मान्य केले.' यात एकही शब्द खोटा नाही.

बैठक झाली. श्रीकांतजींनी जबाब वाचला आणि त्यांना वाईट वाटलं. ते वाईट माणूस नाहीत. पण हेतुपुरस्सर म्हटल्यावर त्यांचाही नाइलाज होता. त्यांनी मान हलवली आणि शालिग्रामला कमी करण्याबाबत मत विचारलं.

आलोक उभा राहिला. त्याने आलेख आणला नव्हता. तो बरंच काही बोलला. दाराला आतून लोखंडी पट्टी असावी, पुढे मजबूत आडवा दांडा असावा, सीट मागे सरकेल अशी सोय असावी, सळयांच्या गाड्यांबद्दल पोलिसांना लिहावं, फेऱ्यांच्या वेळा सैल कराव्यात. आणि हेतूबद्दल म्हणाल तर, तो म्हणाला, हेतू माझा जीव वाचवण्याचा होता, त्याला कमी करायचं तर आधी मला करा, कारण फोनमध्ये तोंड घालून मी बसलो होतो.

श्रीकांतजींनी घड्याळ पाहिलं. त्यांना सदरला एका उद्घाटनाला जायचं होतं. ते मृदूपणे म्हणाले, "आलोक, तुमची भावना पोचली. शालिग्रामला कमी नाही करत, चलो, झालं. आता तुम्ही प्रत्यक्ष बसून आलात. समितीला एका वाक्यात सांगा, तुमची शिफारस काय?"

आलोकने थोडा विचार केला. मग तो म्हणाला, "पुढे कोणी बसू नये."

वाक्य तसं अडचणीचं होतं. पुढे कोणी बसायचंच नाही तर गाडी चालवायची कोणी, आणि गाडी चालली नाही तर कंपनी काय करणार? जसंच्या तसं लिहिलं असतं तर शिफारस फेटाळावी लागली असती आणि एका सुशिक्षित तरुणाची निराशा झाली असती. मी वाक्य समजून लिहिलं: 'पुढे (अधिकाऱ्यांपैकी) कोणी बसू नये.'

शिफारस एकमताने संमत झाली. सुरक्षा समितीची एखादी शिफारस मांडल्या बैठकीत संमत होऊन त्याच दिवशी अमलात येण्याची ही पहिली वेळ. परिणाम डोळ्यांत भरण्यासारखे आहेत. तेव्हापासून आमच्या कोणत्याही ट्रकमध्ये एकही अधिकारी जखमी झालेला नाही. या कामगिरीबद्दल कंपनीला एका व्यापारी मंडळाची ढाल मिळाली. ती स्वागतकक्षात काचेच्या कपाटात आहे, आणि कपाट दारापासून बरंच आत ठेवलं आहे.

शालिग्रामचा गुडघा आता पुरता वाकत नाही. ब्रेकवर पाय जात नाही म्हणून त्याला यार्डाच्या फाटकावर बसवलं. तो खुर्चीवर बसतो आणि उजवा पाय सरळ पुढे, दुसऱ्या स्टुलावर ठेवतो. गाड्या बाहेर पडताना तो प्रत्येक ड्रायव्हरचा पट्टा लावलेला आहे का ते बघतो. काम हलकं आहे. पण गाडी हलली की त्याचा हात मांडीवर गिअर बदलतो, हे मी स्वतः पाहिलं आहे. एकदा मी विचारलं, आता बरं वाटतं का, सावलीत बसून? तो म्हणाला, "बरं आहे जी. इथून पुढे काही दिसत नाही फक्त. जाणाऱ्या गाड्यांची पाठच दिसते."

आलोकची मात्र कंपनीला काळजी वाटते. शिफारस त्याचीच असून तोच ती पाळत नाही. दर महिन्याला एकदा, सुट्टीच्या दिवशी, तो कोणत्या ना कोणत्या गाडीत डाव्या सीटवर जाऊन बसतो आणि नागपूरपर्यंत जाऊन येतो. फोन खिशात ठेवतो. ड्रायव्हर लोक सांगतात, तो काही बोलत नाही, समोर बघत असतो, आणि चटई अजूनही दाबतो. दर वेळी त्याला सुरक्षानियमभंगाची नोटीस द्यावी लागते. ती मीच टाइप करतो. त्याच्या उत्तरात दर वेळी तीच ओळ असते, की पुढे लोखंडी दांडा बसवला की येणं बंद करतो. दांड्याचा विषय विचाराधीन आहे. (दांड्याचं वजन होतं, आणि तेवढा माल कमी भरावा लागतो.)

परतीच्या वाटेवर तो हमखास महाराजपूरला उतरतो. इंदूवहिनी त्याला जेवू घालतात. प्रणोती त्याला दादा म्हणते आणि त्याचं पुणेरी मराठी ऐकून हसते. शालिग्राम त्याला रस्त्याची खबर विचारतो. कुठे काम चालू आहे, धूम्याचा चहावाला आहे का, छपाऱ्याला वळणावर फलक लावला का. आलोक सगळं बारकाईने सांगतो. आताशा त्याला ते सांगता येतं.

चौकशीचा फक्त एक धागा लोंबत राहिला होता, तो म्हणजे मूळ कारण. ट्रॉलीने ब्रेक मारलाच का? ट्रॅक्टरवाल्याचा जबाब पोलिसांनी उशिरा घेतला. त्याची एक प्रत आमच्याकडेही आली. तो म्हणतो, "साहब, मैं तो आराम से जा रहा था. आगे एक सफ़ेद कार थी. एकदम से रुक गई, बीच सड़क में."

आलोकने एका फेरीत तिथे उतरून चौकशी केली. रस्त्याच्या कडेला एक बाई टोपलीत सीताफळं घेऊन बसते. तिला ती मोटार आठवत होती. कुटुंब होतं, नवरा, बायको, मागे मुलं. बायकोला टोपली दिसली, ती थांबा म्हणाली, नवऱ्याने थांबवली. कडेला घ्यायची राहून गेली, एवढंच. दोघं दार उघडून उतरतच होती तेव्हा मागे मोठा आवाज झाला. त्यांनी वळून पाहिलं. नवरा म्हणाला, हे ट्रकवाले कसे चालवतात बघ. मुलांनी खिडकीतून फोटो काढला आणि दोघांनी भाव केला. बाईने त्यांना एक फळ वर टाकून दिलं, कारण ती माणसं बोलायला चांगली होती, मराठी होती. मग मोटार निघून गेली. पुढे पोलिसांनी रस्ता अडवला असता आणि त्यांना उशीर झाला असता.

मोटार पांढरी होती यापलीकडे काही कळलं नाही. पांढऱ्या मोटारी पुष्कळ असतात. कोणावर ठपका ठेवण्याचा समितीचा मुळीच हेतू नाही. सगळेच घाईत असतात, आणि तिकडची सीताफळं खरोखरच थांबून घेण्यासारखी असतात. तेव्हा आपण त्या हंगामात सहकुटुंब त्या रस्त्याने गेला असाल तर मनाला लावून घेऊ नका. नावगाव सांगायचीही गरज नाही. मला फक्त इतिवृत्त पुरं करायचं आहे, आणि आपण हे आत्ता जिथे बसून वाचत आहात तिथून एका ओळीत कळवलंत तरी चालेल: फळं गोड निघाली का?